तिकाटणं धरणाऱ्याचा कान

मी मझल ब्रेक बोलतोय, आणि जरा मोठ्यानेच बोलतोय. रागावू नका. जन्मापासून माझा आवाजच तसा आहे. कुजबुज मला कधी जमली नाही.

गाडीला ब्रेक असतो, सायकलला असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. रायफलला कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. मी बोटभर लांबीचा एक पोलादी तुकडा. रायफलच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी फिरवून मला बसवतात. माझ्या दोन्ही अंगांना चार-चार भोकं. गोळी सुटली की तिच्या मागोमाग तापलेला वारा धावत येतो आणि रायफल मागे लाथ मारते. मी त्या वाऱ्याला मध्येच डावी-उजवीकडे वाट काढून देतो. लाथ निम्म्यावर येते, खांदा वाचतो. आता वारा जिकडे जातो तिकडे आवाजही जाणारच. मी नसलो तरी रायफल ओरडतेच, पण ती पुढे ओरडते. मी शेजारच्याच्या कानात ओरडतो.

माझा जन्म बुलावायो शहरातला. हाडेबे नावाचा म्हातारा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकून बसला होता. त्याने मला तासलं, भोकं पाडली, तोंडाशी धरून फू करून बघितलं, आणि चड्डीच्या बुडावर घासून चकचकीत केलं. असा माझा नामकरणविधी. कुणी पेढे वाटले नाहीत, पण हाडेबे दिवसभर शीळ घालत होता, एवढं मला आठवतं.

मला करवून घेतलं लर्नमोरने. रुंडे नदीच्या काठी, मोपानेच्या झाडांच्या रानात शिकारीचा कॅम्प आहे, तिथला तो वाटाड्या शिकारी. दूरदेशीचे पाहुणे परवाना काढून येतात, त्यांना रानरेड्यापर्यंत नेणं आणि जिवंत परत आणणं हे त्याचं काम. ज्या पाहुण्याकडे स्वतःची रायफल नसते त्याला कॅम्पची तीनशे पंच्याहत्तर कॅलिबरची रायफल मिळते. ती रायफल म्हणजे खेचर होतं खेचर! भलेभले तिला घाबरायचे. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, खांदा चोरायचे, आणि गोळी कुठेतरी भलतीकडे. जखमी रेडा झाडीत शिरला की पुढचे दोन दिवस सगळ्यांच्या जिवाला घोर.

मी आलो आणि चित्र पालटलं. पाहुणे गोळ्या झाडून हसायला लागले. "अरे, काहीच लागलं नाही की!" म्हणायचे. नेम बसायला लागले. लर्नमोर माझ्यावर खूश, कॅम्पचा मालक खूश, आणि मी? मी तर नुसता फुगलो होतो. चार बोटांचा जीव, पण तोरा हत्तीचा.

आता खाझामुलाबद्दल सांगतो, कारण ही हकीकत खरं तर त्याचीच आहे. खाझामुला म्हणजे माग काढणारा. साठीला टेकलेला, शांगान जमातीचा माणूस, काटकुळा, पायात टायरच्या वहाणा, कमरेला राखेने भरलेला जुना मोजा. मोजा झटकायचा, राख कुठे उडते ते बघायचं, की वारा कळला. लर्नमोरला माग काढायला त्यानेच शिकवलं. लर्नमोर त्याला मुधारा म्हणतो. वडीलधाऱ्या माणसाला इथे असंच म्हणतात.

खाझामुलाचे डोळे चांगले होते, पण कान त्याहून भारी. रेड्याच्या पाठीवर बसून गोचिडी खाणारे पक्षी असतात ना, त्यांची चिवचिव ऐकून तो कळप केवढा आहे ते सांगायचा. आणि गोळी सुटल्यावर तर सगळा कारभार त्याच्या कानांवर. गोळी अंगात शिरते तेव्हा आवाज होतो. छातीत शिरली तर वेगळा, हाडावर बसली तर वेगळा, पोटात गेली तर आणखी वेगळा. गोळीनंतर कुणी बोलायचं नाही, ही या लोकांची रीत. सगळ्यांनी खाझामुलाकडे बघायचं. एक बोट वर, म्हणजे फुफ्फुसात. मूठ, म्हणजे हाडावर. उघडा पंजा, म्हणजे पोटात. मग तासभर जागचं हलायचं नाही. बोट वर आलं तरी मरणाचा हंबरडा ऐकू येईपर्यंत थांबायचं. रेडा मरताना एक लांब हंबरडा फोडतो. तो खाझामुलाने ऐकला, मान हलवली, की मगच झाडीत पाऊल.

आणि हा माणूस गोळी सुटताना कुठे असायचा? तर माझ्या बगलेत. रेडा दिसला की तो पाहुण्यापुढे तीन काठ्यांचं तिकाटणं रोवायचा, त्यावर रायफल टेकवायची, आणि पाहुण्याचे हात थरथरतात म्हणून तिकाटण्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उजव्या अंगाला उकिडवा बसायचा. त्याचा डावा कान माझ्यापासून हातभर. पाहुण्याच्या कानांवर जाड टोप्या. लर्नमोर मागे उभा, दोन्ही कानांत बोटं घालून. खाझामुलाचे हात काठीला. तो कान कशाने झाकणार?

एकदा लर्नमोरने त्याला कापसाचे बोळे देऊ केले. खाझामुला म्हणाला, "कानात बोळे घालून माग काढू? मग डोळ्यांवर पण पट्टी बांध की. आणि पाठीवर घेऊन चल मला."

सगळे हसले. मीही हसलो. आज लाज वाटते.

मला पहिली शंका आली ती त्याच्या बायकोमुळे. सासावोना कॅम्पमध्ये कपडे धुवायची, कोळशाच्या इस्त्रीने इस्त्री करायची. लर्नमोर तिथेच सावलीत बसून मला तेलाच्या फडक्याने पुसत होता आणि खाझामुला तिकाटण्याची वादी बदलत होता. सासावोना त्याच्या डावीकडे.

"त्साकानीचे बाबा, तो शर्ट द्या इकडे."

खाझामुला वादी ओढत राहिला.

"अहो, शर्ट! तिसऱ्यांदा सांगतेय. कानात काय माशी मेली का?"

"मावशी, जाऊ दे," लर्नमोर म्हणाला. "बायकोची हाक या वयात कुणाला ऐकू येते!"

"ह्यांना आधी यायची," सासावोना म्हणाली. "लग्नानंतर तीस वर्षं यायची. आता शेळी ओरडली तरी विचारतात, कोण आलं?"

खाझामुला तिच्या हातवाऱ्यांवरून समजला आणि शर्ट देत म्हणाला, "तू आणि शेळी, दोघींचा सूर एकच. माझा काय दोष?" हशा पिकला. विषय मिटला. पण मी त्याच्याकडे बघत होतो. हसताना त्याची नजर सगळ्यांच्या तोंडांवरून फिरत होती, कोण काय बोललं ते शोधत.

तो लपवत होता, हे उघड होतं. का लपवत होता, तेही उघड होतं. माग काढणाऱ्याचा कान गेला की त्याची रवानगी मांसाच्या शेडमध्ये. दिवसभर कातड्यांना मीठ चोळत बसायचं. ज्याच्या एका बोटाकडे पंचवीस वर्षं सगळे श्वास रोखून बघत आले, त्याने माशा हाकलायच्या? त्याला ते मरणाहून वाईट वाटत होतं.

त्या थंडीत गेरोल्ड आला. ऑस्ट्रियाचा, लाकूड कापायच्या गिरणीचा मालक, दारात मावणार नाही असा धिप्पाड माणूस. आणि रायफलच्या लाथेला लहान पोरासारखा भ्यायचा! तरुणपणी एकदा गळपट्टीचं हाड मोडलं होतं म्हणे. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "हा असला तर मी हत्तीवर पण चालून जाईन," म्हणाला. परवाना दोन रानरेड्यांचा होता, तेव्हा हत्ती वाचले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तीन म्हातारे रेडे दिसले. खाझामुलाने तिकाटणं रोवलं, पाय धरला. लर्नमोरने कानांत बोटं घातली. गेरोल्डने चाप ओढला आणि मी नेहमीसारखा गरजलो.

मग शांतता. सगळे खाझामुलाकडे वळले. त्याने क्षणभर समोरच्या धुळीकडे बघितलं, लर्नमोरच्या तोंडाकडे बघितलं, आणि एक बोट वर केलं.

पाच मिनिटं गेली. लर्नमोरने भुवया उंचावून विचारलं, हंबरडा? खाझामुलाने मान हलवली. म्हणजे हो.

ते निघाले. गेरोल्ड तर हातावर हात घासत होता. काटेरी झाडीत पन्नास पावलं आत गेले असतील, डावीकडे फांद्या मोडल्या. मी बहिऱ्यागत गरजणारा, मलाही ते ऐकू आलं. लर्नमोर ओरडला, "डावीकडे!"

खाझामुला उजवीकडे बघत राहिला.

रेडा पोटात गोळी घेऊन उभा होता, वाट बघत. तो झाडी फोडून सरळ खाझामुलावर आला. लर्नमोरने खांद्याने म्हाताऱ्याला ढकललं आणि आपल्या जाड दुनळीचे दोन्ही बार एकामागून एक झाडले. रेडा कोसळला तो खाझामुलापासून तीन पावलांवर. पायातून निसटलेली एक वहाण तर रेड्याच्या शिंगाखालीच सापडली.

कुणाला काही झालं नाही. खाझामुलाचं कोपर सोललं, एवढंच. पण लर्नमोरचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मुधारा, मी डावीकडे म्हणालो."

"हं?"

लर्नमोर त्याच्या डाव्या बाजूला गेला आणि कानामागे दोन बोटं चोळली. काही नाही. चुटकी वाजवली. काही नाही. त्याने टाळी वाजवली तेव्हा खाझामुलाने मान वळवली, पण तोवर सगळं कळून चुकलं होतं.

"किती दिवस झाले?"

"मागच्या थंडीपासून," खाझामुला म्हणाला. "आधी गोळी झाडल्यावर दडे बसायचे, दोन दिवसांनी सुटायचे. मग सुटेनासे झाले. आत सारखा रातकिडा ओरडतो. त्याच्या आवाजात दुसरं काही येत नाही."

"आणि मग बोट वर केलंत? हंबरडा ऐकला म्हणालात? अहो, तुम्हीच शिकवलंत ना मला, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण म्हणून!"

खाझामुला खाली बसला. "सगळे माझ्याकडे बघत होते, पोरा. इतकी वर्षं बघतायत. काहीतरी सांगायला हवं होतं." मग हळूच म्हणाला, "मला शेडमध्ये पाठवू नकोस."

मी तिथेच नळीच्या टोकावर, अजून गरम. हे मी केलं होतं. गोळी-गोळीने, हसत-हसत, पाहुण्यांचे खांदे वाचवत. मला आटे आहेत, पण स्वतःला फिरवता येत नाही. येत असतं तर त्या क्षणी मी निखळून धुळीत पडलो असतो.

गेरोल्डने सगळं ऐकलं होतं. तो धिप्पाड माणूस खाझामुलाशेजारी मांडी घालून बसला, आणि मुद्दाम उजव्या बाजूला बसला.

"माझे वडील चाळीस वर्षं करवतीजवळ उभे राहिले," तो म्हणाला. "आमच्या घरात जेवताना सगळे ओरडून बोलायचे. शेवटी शेवटी ते जेवायलाच येईनात. म्हणायचे, भूक नाही." त्याने रायफल मांडीवर घेतली आणि मला उलटं फिरवायला लागला. मी गरम होतो, त्याची बोटं भाजली. त्याने आपल्या भाषेत एक कचकचीत शिवी हासडली, पण मला सोडलं नाही.

"साहेब, तुमचा खांदा?" लर्नमोरने विचारलं.

"खांदा माझा आहे ना? कान त्याचा का जावा?"

आणि मी त्याच्या शर्टाच्या खिशात गेलो.

दुसऱ्या दिवशी नेम पुन्हा बांधावा लागला. मी निघालो की गोळी दोन बोटं इकडेतिकडे लागते, हे शिकारी जाणतात. गेरोल्डने खांद्यावर पंचा घडी करून ठेवला आणि फळ्यावर सहा गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीला "आई गं!" या अर्थाचं काहीतरी ओरडला. सासावोना कपडे वाळत घालताना ओल्या चादरीआड हसत होती. तिकाटण्याचीही रीत बदलली. पुढचा पाय सोडून खाझामुलाने मागचा धरायचा, नळीच्या तोंडामागे राहायचं, उजवा कान खांद्याला दाबायचा.

"पण मी येणार ना?" त्याने दहादा विचारलं.

"याल," लर्नमोर म्हणाला. "एका अटीवर. ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं. बस."

सातव्या दिवशी पुन्हा रेडे सापडले. मी खिशात, गेरोल्डच्या छातीला टेकून. ते हृदय असं धडधडत होतं की मला वाटलं, हाच रेडा! गोळी सुटली. गेरोल्ड दचकला होता, खांदा चोरला होता, हे मला आतूनही कळलं.

शांतता. खाझामुलाने डोळे मिटले होते. मग त्याने हात वर केला. उघडा पंजा.

पोटात.

"छे! माझंच नशीब फुटकं," गेरोल्ड पुटपुटला. लर्नमोर मात्र असा हसला की जणू मुलगी पहिली आली.

"ऐकू आलं, मुधारा?"

"पिकल्या कलिंगडावर थाप मारावी तसं. स्पष्ट." खाझामुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोटातच आहे. साहेबांना वाईट वाटेल, पण पोटातच आहे."

एवढ्या वाईट बातमीवर इतके खूश झालेले लोक मी कधी पाहिले नव्हते. रेड्याला तळमळत ठेवायचं नव्हतं कुणालाच, पण आता काय करायचं ते तरी सगळ्यांना नेमकं ठाऊक होतं. ते मोपानेच्या सावलीत दीड तास बसले. सुकं मांस चघळलं, बाटलीतला गार चहा प्यायले. मग खाझामुला उठला आणि मान किंचित वळवून, उजवा कान पुढे धरून चालू लागला. दहा पावलं, थांब. दहा पावलं, थांब. एका काटेरी जाळीपाशी त्याने सगळ्यांना हाताने खाली बसवलं. त्याला श्वास ऐकू आला होता. रेडा जाळीत आडवा झाला होता, त्यांच्याकडे पाठ करून.

गेरोल्डने या वेळी खांदा चोरला नाही. त्याला लाथ बसली की नाही हे त्याला आठवतसुद्धा नाही, असं तो नंतर म्हणाला. खाझामुलाने मूठ वर केली, आणि मग जाळीतून तो हंबरडा आला. लांब, खोल, थकलेला.

मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तोवर माझ्याच गर्जनेत माझे कान बंद असायचे. इतकी वर्षं मी ज्या आवाजाच्या आड येत होतो तो हा, असं कळलं आणि मी खिशात अगदी गप्प झालो. खाझामुलाने टोपी काढून हातात धरली होती. हंबरडा संपेपर्यंत कुणी हललं नाही.

संध्याकाळी मांस गावात वाटलं गेलं. सासावोनाने मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि रेड्याचं कालवण ताटात वाढलं, नवऱ्याच्या उजवीकडे येऊन बसली आणि म्हणाली, "आता काही सबब नाही हं. इथून सगळं ऐकू येतं तुम्हाला."

"हो ना," खाझामुला म्हणाला. "हा कान वाचवला म्हणून आता पस्तावतोय."

चिरेझी गावातल्या डॉक्टरने नंतर तपासून सांगितलं, डावा कान परत येणार नाही, उजवा नीट जपा. तो जपतो. अजून पुढे तोच चालतो, अजून सगळे त्याच्याकडेच बघतात. कधी कधी तो हात वर न करता सरळ म्हणतो, "नाही कळलं, थांबू या." आणि सगळे थांबतात.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. लर्नमोरच्या टेबलाच्या खणात, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेला. फळ्यावर नेम धरायच्या दिवशी मला काढतात. तिथे सगळ्यांच्या कानांवर टोप्या असतात, तिकाटणं कुणी धरत नाही, आणि घाबरलेल्या पाहुण्यांचे खांदे मी आजही वाचवतो. त्यात मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. रानात निघताना मला फिरवून काढतात. जाताना खाझामुला कधी कधी मला तळहातावर घेऊन वजन बघतो आणि ठेवून देतो. राग धरलेला नाही त्याने. मी मात्र अजून विसरलो नाही.

तुम्हीही कधी मला विकत घ्याल, नळीवर चढवाल. जरूर चढवा. माझं एकच मागणं आहे. चाप ओढण्याआधी एकदा शेजारी बघा. तिथे कुणी दोन्ही हात तुमच्यासाठी अडकवून बसला असेल, तर त्याचे कान तुमच्या हातात आहेत.